फ्यूज आणि फ्यूजिबल लिंक: जळतात दोन्ही, पण एकाच कारणाने नाही

नुसता हॉर्न बंद पडला आणि बाकी गाडी ठीक असेल, तर फ्यूज उडाला असण्याची शक्यता मोठी. पण चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवर एकही दिवा लागत नाही, हेडलाइट नाही, सेल्फ लागत नाही, आणि बॅटरीला मल्टिमीटर लावला तर तो १२.६ व्होल्ट दाखवतो, अशा वेळी फ्यूजबॉक्समधले फ्यूज एकेक करून उपसत बसण्यात अर्थ नाही. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलपासून, किंवा सेल्फच्या सोलेनॉइडवरच्या (सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचवरच्या) मोठ्या बोल्टपासून, गाडीकडे जाणारी मुख्य वायर आधी बघा. तिच्या सुरुवातीलाच फ्यूजिबल लिंक बसवलेली असते.

करंट प्रमाणाबाहेर गेला की स्वतः वितळून सर्किट तोडायचं, एवढं काम दोघांचं सारखं. म्हणूनच लोक लिंकला ‘मोठा फ्यूज’ म्हणतात आणि तिच्याशी फ्यूजसारखंच वागतात. आगीच्या दृष्टीने हा गैरसमज महागात पडतो.

आज सगळीकडे दिसणारा दोन पात्यांचा प्लास्टिकचा फ्यूज १९७६ मध्ये आला. त्याच्या आतली पट्टी बहुधा जस्ताची असते आणि जस्त ४२० अंश सेल्सियसच्या आसपास वितळतं. पट्टी बारीक असल्याने ती लगेच तापते. दुप्पट करंट गेला तर असा फ्यूज पाच सेकंदांच्या आत उडायलाच हवा.

लिंक म्हणजे तांब्याच्या वायरीचाच वीतभर तुकडा. ज्या वायरीचं रक्षण करायचं तिच्यापेक्षा तो चार गेज बारीक असतो (गेज म्हणजे वायरीच्या जाडीचा क्रमांक). गेजचा आकडा वाढला की वायर बारीक होते, त्यामुळे १० गेजच्या वायरीला १४ गेजची लिंक लागते. चौरस मिलिमीटरमध्ये सांगायचं तर सव्वापाचाच्या वायरीला साधारण दोनाची, म्हणजे आडव्या छेदात सुमारे ४० टक्केच तांबं. तांबं वितळायला १०८५ अंश लागतात. एवढ्या उष्णतेत साधं पीव्हीसी पेट घेईल, म्हणून लिंकवर हायपालॉन (एक उष्णता सोसणारं कृत्रिम रबर) किंवा सिलिकॉनचं आवरण असतं. ते फुगतं, त्यावर फोड येतात, पण ज्वाळा धरत नाही. लिंकच्या जागी साधी वायर जोडणं का चुकीचं, ते इथेच कळतं. जाडी बरोबर असली तरी आवरण चुकीचं आहे, आणि तुटण्याच्या क्षणी तीच वायर आग लावेल.

मग मुख्य लाइनवर पटकन उडणारा फ्यूजच का नको? कारण त्या लाइनवर करंट एकसारखा कधीच नसतो. रेडिएटरचा पंखा सुरू होताना काही क्षण कितीतरी जास्त करंट ओढतो. उतरलेल्या बॅटरीवर गाडी सुरू केली की अल्टरनेटर बराच वेळ जोरात चार्जिंग करत राहतो. अशा प्रत्येक झटक्याला मुख्य फ्यूज उडाला, तर रात्री घाटात सगळे दिवे एकदम जातील. लिंक हे झटके मुद्दाम सोसते आणि खऱ्या शॉर्टलाच तुटते.

या सोशिकपणाची दुसरी बाजूही आहे. ६० वॅटचे दोन बल्ब काढून १०० वॅटचे बसवले की करंट १० अँपिअरवरून जवळजवळ १७ वर जातो. होल्डर वितळायला लागला तरी लिंकला त्याचा पत्ता लागत नाही. बारीक वायरी सांभाळणं फ्यूजचंच काम. म्हणून १५ च्या जागी ३० चा फ्यूज घालणं, सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणं किंवा वायर ‘डायरेक्ट’ करणं यांतलं काहीच लिंकच्या भरवशावर चालणार नाही.

नव्या गाड्यांत गोंधळ आणखी वाढतो. तिथे वायरीचा तुकडा जाऊन पारदर्शक झाकणाचे चौकोनी ठोकळे आले आहेत, आणि काही जपानी कंपन्या त्यांनाही फ्यूजिबल लिंकच म्हणतात. रंगांवर भरवसा ठेवू नका: पात्याचा हिरवा फ्यूज ३० अँपिअरचा, तर ठोकळ्यातला हिरवा ४० चा. लाल पात्याचा १०, लाल ठोकळा ५० चा. छापलेला आकडाच वाचा. काही ठोकळे खालून स्क्रूने आवळलेले असतात, पक्कडीने ओढले तर फुटतात.

जुन्या पद्धतीची लिंक तपासायला ती हलकेच ताणून बघतात. आतलं तांबं वितळलं असेल तर ती रबरासारखी लांबते. पण यावर थांबू नका, कारण आवरण जसंच्या तसं राहून आत तार तुटलेली असू शकते. टेस्ट लॅम्पची क्लिप बॉडीला लावून त्याचं टोक आळीपाळीने लिंकच्या दोन्ही टोकांना लावा. बॅटरीकडच्या टोकाला लागला आणि पलीकडे नाही, तर निदान झालं. नुसती कंटिन्युइटी, म्हणजे वायर सलग आहे का याची मीटरवरची चाचणी, फसवते. एकच तार शिल्लक असली तरी मीटर बीप देतो. हेडलाइट आणि ब्लोअर चालू ठेवून लिंकच्या दोन टोकांमधला व्होल्टेज मोजा. तो दोन-तीन दशांश व्होल्टच्या वर गेला, तर लिंक किंवा तिचा लग (टोकाची धातूची कडी) खराब आहे. बऱ्याचदा लगच खराब असतो. बॅटरीजवळचा पांढरा-हिरवा थर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, कोरडा करून नट आवळला की काम होतं.

फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा दुसरा एकदा घालून बघायला हरकत नाही. लिंक मात्र कारण सापडल्याशिवाय बदलू नये. जंप स्टार्टच्या केबल उलट्या लागल्या का? उंदरांनी वायर कुरतडली का? अॅम्प्लिफायरची वायर पत्र्याच्या भोकातून रबरी ग्रोमेटशिवाय नेली आहे का? अल्टरनेटरच्या टर्मिनलची टोपी निघून ते बॉडीला टेकलं का?

कारण मिळालं की बॅटरीचं निगेटिव्ह आधी काढा. त्याच गेजची, फ्यूजिबल लिंक म्हणूनच विकली जाणारी वायर घ्या, लांबी मूळ तुकड्याइतकीच ठेवा, नऊ इंचांच्या पुढे जाऊ नका. सांधे नीट क्रिंप करून (दाबून पक्के करून) श्रिंक ट्यूबने, म्हणजे गरम केल्यावर आवळणाऱ्या नळीने, झाका, मात्र लिंकवर काळी टेप गुंडाळू नका. ती पेटते आणि आवरणावरचे फोडही झाकते.

निगेटिव्ह परत लावताना केबल आणि टर्मिनल यांच्यामध्ये आधी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब जोडा. शॉर्ट उरला असला तरी बल्ब पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जाऊ देत नाही, नवी लिंक शाबूत राहते. चावी बंद, दारं बंद ठेवा. बल्ब पूर्ण उजेडाने लागून तसाच राहिला, तर शोध अजून संपलेला नाही. विझलेला किंवा अगदी मंद दिसला, तरच बल्ब काढून क्लॅम्प आवळा.