पार्श्वभूमी : उरुळी-फुरसुंगीचा डेपो आणि ‘पाणी वाचवण्यासाठी’ विस्तार

पुण्याचा कचरा आधी कोथरूडला पडायचा. शहर तिथवर पोचलं आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून गाड्या सासवड रस्त्याला वळल्या. जुन्या जागेवर आज मेट्रोचा डेपो आहे. उरुळी देवाचीत आधी दगडखाण मिळाली, पुढे लगतची जमीन घेतली गेली आणि मिळून १६३ एकर झाले. नंतर गावचं पाणी वाचवण्यासाठी म्हणून त्याच आवारात अस्तर घातलेला कचऱ्याचा नवा भराव हवा, असं म्हणणं पुढे आलं. त्याची ही पार्श्वभूमी.

खाणीत कचरा टाकायची कल्पना तेव्हा सोयीची वाटली असणार, आयता खड्डा होता. पण हा काळा पाषाण अखंड नसतो. त्याला भेगा असतात, वर मुरुमाचा थर असतो, आणि गावच्या विहिरींना पाणी येतं ते ह्याच भेगांतून. पावसाळ्यात ढिगाऱ्यातून उतरणारं लिचेट, म्हणजे कचऱ्यातून झिरपलेलं घाण पाणी, तेही तीच वाट धरतं. विहिरीतून चहाच्या रंगाचं, वर तवंग असलेलं पाणी यायला लागलं, तेव्हा लोकांनी आधी पिणं सोडलं, मग वापरणं. दारोदार निळी पिंपं आली आणि टँकरची वेळ हे घरचं घड्याळ झालं.

आता ‘डेपो’ ह्या शब्दाकडे येऊ, कारण पुढचा सगळा वाद त्यातूनच निघाला. गावकरी ‘डेपो’ म्हणतात. कागदोपत्री मात्र ‘शास्त्रोक्त भूभराव’, ‘लँडफिल’, ‘प्रक्रिया प्रकल्प’ हे शब्द गरजेप्रमाणे येतात. २०००च्या घनकचरा नियमांनी भरावाला अटी घातल्या होत्या: तळाशी ९० सेंटीमीटर चिकणमातीचा थर, त्यावर दीड मिलिमीटर जाडीचं प्लास्टिकचं अस्तर, आणि भूजलाची सर्वांत वरची पातळी मातीच्या थराच्या किमान दोन मीटर खाली. माती इतकी घट्ट हवी की तिच्यातून पाणी वर्षाला जेमतेम तीन सेंटीमीटर सरकेल. म्हणजे कागदावर तो थर ओलांडायलाच तीसेक वर्षं. २०१६च्या नियमांत तर फरक स्पष्टच लिहिला आहे: ही तत्त्वं न पाळता कचरा टाकला जातो ती जागा ‘डंप साइट’, भराव नव्हे. उरुळीच्या जुन्या ढिगाऱ्याखाली अस्तर नव्हतं. तेव्हा नियमाच्या भाषेतही गावकऱ्यांचा शब्दच अचूक होता, हे मान्य करायला कुणाला फारशी घाई नव्हती.

म्हणूनच ‘पाणी वाचवायचं तर अस्तर घातलेला नवा भराव हवा’ हे म्हणणं तांत्रिकदृष्ट्या खोटं नाही. प्रक्रियेतून उरलेलं आणि बायोमायनिंगमधून, म्हणजे जुना ढीग उकरून चाळण्यातून, निघालेलं रिजेक्ट (कशालाच न चालणारा उरलेला कचरा) कुठेतरी ठेवावंच लागतं, आणि ते उघड्या खाणीत ठेवण्यापेक्षा अस्तरावर ठेवणं कधीही बरं. पण अस्तर फक्त त्याच्या वर पडणाऱ्या कचऱ्याचं पाणी अडवतं. शेजारचा जुना डोंगर पाझरतच राहतो. वरून माती आणि प्लास्टिकचं कॅपिंग केलं की पावसाचं पाणी आत कमी जातं, पण आत मुरलेलं कुठे जाणार? शिवाय त्याच आवारात नवा भराव म्हणजे आणखी काही दशकं गाड्या इथेच. गावाला पाण्याचा उपाय हवा होता, हाती आला जागेचा विस्तार. माझ्या मते ह्या दोन गोष्टी एका वाक्यात बसवल्या गेल्या तिथेच विश्वास तुटला.

मधल्या काळात रोज १००० टन क्षमतेचा प्रकल्प उभा राहिला. तो कधीच पूर्ण क्षमतेने चालला नाही आणि त्याच्याभोवती नवे ढीग साचले. गावकऱ्यांनी गाड्या अडवायच्या, मग बैठक, आश्वासन, मुदत, असा क्रम झाला. आश्वासनांत नोकऱ्या असत, पाणीयोजना असे आणि ‘ओपन डंपिंग बंद’ हे वाक्य असे. पाणीयोजना वर्षानुवर्षं रखडली. एप्रिल २०१७मध्ये डेपोला आग लागली, धूर दिवसचे दिवस गावावर राहिला, आणि तीन आठवड्यांहून जास्त काळ एकही गाडी आत गेली नाही. शहरात कोपऱ्याकोपऱ्यावर ढीग दिसायला लागले तेव्हा कुठे शहराने डेपोची चौकशी केली. पर्यायी जागा म्हणून पिंपरी सांडसची वनजमीन पुढे आली, आणि तिथल्या गावांनीही विरोध केला. उरुळी डोळ्यांसमोर असताना त्यांना वेगळं काय वाटणार होतं?

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही दोन्ही गावं पुणे महापालिकेत घेतली गेली. टॅक्स शहराच्या दराने आला, नळ त्या वेगाने आला नाही. डिसेंबर २०२२मध्ये गावं पुन्हा वगळायचं ठरलं आणि २०२४मध्ये त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. दरम्यान प्रकरण हरित न्यायाधिकरणापुढे गेलं आणि जुना डोंगर उकरून चाळायचं काम टप्प्याटप्प्याने सुरू झालं. माती वेगळी, जळण्याजोगं प्लास्टिक वेगळं, आणि उरलेलं रिजेक्ट परत भरावाकडे.

गावं बाहेर गेली, डेपो मात्र महापालिकेकडेच राहिला. नवीन हद्दीचा नकाशा झाला तरी खाणीच्या भेगा आणि डेपोजवळच्या मंतरवाडीच्या बाजूच्या विहिरी होत्या तिथेच आहेत.