जास्वंद (मुंबईतील लोकपरंपरा, प्रतीके आणि औषधी वापर)

जास्वंद हे भेंडी आणि कापूस यांच्या कुळातले, बारमाही फुलणारे झुडूप आहे. मुंबईत ते चाळीच्या अंगणात, सोसायटीच्या कुंपणालगत, शाळेच्या आवारात आणि खिडकीच्या ग्रिलमधल्या कुंडीतही दिसते. लाल, पाच पाकळ्यांचे, मधोमध लांब दांडा पुढे आलेले साधे फूल म्हणजे लोकांच्या लेखी खरी जास्वंद. तिला गावठी जास्वंद म्हणतात. हे फूल सकाळी उमलते आणि संध्याकाळी मिटते. पूजेतले तिचे स्थान, बाजारातला व्यवहार आणि घरगुती औषधातला वापर या तिन्ही गोष्टी या एका दिवसाच्या आयुष्याने ठरवल्या आहेत. झेंडू आणि शेवंती टेम्पोत भरून घाटावरून येतात आणि दोन-चार दिवस टिकतात. जास्वंद मात्र हाताच्या अंतरावर कुठेतरी उगवलेली असावी लागते.

नावे आणि झाड

संस्कृतात तिला जपा किंवा जवा म्हणतात. ओड्र देशावरून, म्हणजे आजच्या ओडिशावरून, पडलेले ओड्रपुष्प हेही एक जुने नाव आहे. मुंबईच्या एकाच इमारतीत या झाडाला चार-पाच नावे असतात. गुजराती शेजाऱ्यांकडे ती जासूद, हिंदी बोलणाऱ्यांकडे गुडहल, कन्नड घरात दासवाळ, बंगाली घरात जबा. तेलुगू घरात तिला मंदारम म्हणतात आणि तिथे मराठी माणसाची गफलत होते, कारण आपल्याकडे मंदार म्हणजे पांढरी रुई. ती रुईही गणपतीचीच, त्यामुळे पूजेपुरते काही बिघडत नाही. औषधासाठी मात्र हा फरक ठाऊक असलाच पाहिजे, कारण रुईचा चीक विषारी असतो.

कार्ल लिनीअसने १७५३ मध्ये तिला हिबिस्कस रोजा-सायनेन्सिस हे शास्त्रीय नाव दिले. रोजा-सायनेन्सिस म्हणजे चीनचा गुलाब. वास्तविक हे झाड रानात आपोआप वाढलेले कुठेच सापडत नाही; माणसाने फार पूर्वीपासून लावत आणलेले हे झाड आहे. भारतात ते जुने, याला साहित्याचा पुरावा आहे. कालिदासाच्या ‘मेघदूता’त उज्जैनच्या महाकालासमोरचा मेघ संध्याकाळचे जे तेज अंगावर घेतो, ते ताज्या जपापुष्पासारखे लाल आहे.

शाळेत फुलाचे भाग शिकवताना बाई जास्वंदच आणायला सांगतात, आणि ते योग्यच आहे. हिरवा निदलपुंज, पाच पाकळ्या, पुंकेसर एकत्र जुळून झालेली नळी आणि त्या नळीतून बाहेर आलेली पाच टोकांची कुक्षी, हे सारे भिंगाशिवाय दिसते. मध प्यायला शिंजीर हे इवलेसे पक्षी येतात. दहाव्या मजल्यावरच्या गॅलरीतही येतात. तरीही लागवडीतल्या झाडांना फळ-बी क्वचितच धरते, म्हणून जास्वंद फांदी खोचूनच वाढवतात.

पांढऱ्या, पिवळ्या, केशरी आणि दुहेरी पाकळ्यांच्या जाती नर्सरीत भरपूर मिळतात. पाकळ्या झालरीसारख्या फाटलेली, देठावर उलटी लोंबणारी झुंबर जास्वंद ही मूळची आफ्रिकेतली वेगळी जात आहे. मिरची जास्वंदीचे फूल कधी पुरते उमलतच नाही. तीही चुलत बहीणच, सख्खी नव्हे.

गणपतीचे फूल

मराठी माणसाच्या मनात जास्वंद आणि गणपती वेगळे काढता येत नाहीत. गणपती अथर्वशीर्षात देवाचे वर्णन लाल वर्णाचा, लाल वस्त्रे ल्यालेला, अंगाला लाल गंध लावलेला आणि ‘रक्तपुष्पैः सुपूजितम्’ असे येते. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. अथर्वशीर्ष फक्त लाल फुले म्हणते. जास्वंदीचे नाव त्यात नाही. लाल कण्हेर, लाल कमळ, गुलाब, कोणतेही चालले असते. जास्वंद निवडली ती लोकांनी. कारणही सरळ आहे: दारात वर्षाचे बाराही महिने हमखास मिळणारे लाल फूल दुसरे कोणते होते?

या लाल रंगामागे गणेशपुराणातली सिंदुरासुराची कथा सांगितली जाते. गजाननाने त्या असुराचा वध केला आणि त्याचे रक्त अंगाला फासले, म्हणून मूर्तीला शेंदूर आणि पूजेला लाल फूल. घरोघरी आजी ही कथा सांगते तेव्हा शेवटी बोट देव्हाऱ्यातल्या जास्वंदीकडेच जाते.

प्रभादेवीचे सिद्धिविनायक मंदिर १८०१ मध्ये बांधले गेले. मंगळवारी तिथल्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या परडीत नारळ, दूर्वांची जुडी, पेढे आणि जास्वंदीचा हार किंवा निदान एक फूल असतेच. अंगारकी आणि गणेशोत्सवात मागणी इतकी चढते की एरवी ज्याला कोणी भाव विचारत नाही ते फूल नगावर विकले जाते. गिरगाव-लालबागपासून उपनगरांपर्यंत ज्या घरी दीड दिवसाचा गणपती बसतो, तिथे आदल्या संध्याकाळी हमखास कानावर येणारे वाक्य म्हणजे, “सकाळी खाली जाऊन जास्वंदीची फुलं बघून ठेव रे.”

जास्वंद सूर्याचीही आहे. नवग्रहस्तोत्राची सुरुवातच ‘जपाकुसुमसंकाशं’ या शब्दाने होते: जास्वंदीच्या फुलासारखी ज्याची कांती, त्या सूर्याला नमस्कार. संध्याकाळी दिवा लावल्यावर हे स्तोत्र म्हणणाऱ्या कित्येक मुलांना जपाकुसुम म्हणजे खालच्या कुंपणातले तेच फूल, हे पुष्कळ उशिरा कळते. अर्घ्याच्या तांब्यात लाल फूल टाकण्याची रीत याच नात्यातली. देवीच्या पूजेतही लाल जास्वंद चालते. बंगाली भक्तांना ती कालीशिवाय सुचतच नाही. फुलाचा रंग आणि पुढे आलेला केसर ते कालीच्या बाहेर काढलेल्या जिभेशी जोडतात.

तत्त्वज्ञानात याच फुलाला अगदी वेगळे काम मिळाले. पांढऱ्या स्फटिकाजवळ जपाकुसुम ठेवले तर स्फटिक लाल दिसतो. फूल बाजूला केले की तो होता तसा स्वच्छ. आत्म्याला सुखदुःखे खरोखर चिकटत नाहीत, ती जवळ असल्यामुळे तो तसा भासतो, हे समजावण्यासाठी सांख्य आणि वेदान्ताचे आचार्य ही उपमा पुन्हा पुन्हा देतात. एका साध्या बागेतल्या फुलाने एवढा भार पेललेला दुसरीकडे सहसा आढळत नाही.

कळ्यांचा बाजार आणि तोडण्याचे नियम

दादर स्थानकाच्या पश्चिमेचा फूलबाजार पहाटेच्या अंधारातच जागा होतो. वसई-विरारकडचे फूलवाले लोकलने माल घेऊन उतरतात; त्यात सोनचाफा आणि मोगरा यांच्या जोडीला जास्वंदीच्या कळ्या असतात. उमललेले फूल गर्दीच्या डब्यात चुरगळते, म्हणून व्यवहार कळ्यांचा. दुसऱ्या सकाळी उमलणारी कळी फुगीर असते आणि तिच्या टोकाशी लाल पीळ स्पष्ट दिसतो. अशी कळी पाण्याविना नुसत्या ताटलीत ठेवली तरी आपल्या वेळेला उमलते आणि उमलल्यावर पाण्याबाहेरही दिवसभर तशीच टवटवीत राहते. तबकात कोरडे ठेवायच्या फुलाला यापेक्षा मोठा गुण नाही.

पूजेचा जुना नियम मात्र देवाला कळी वाहू नये असा आहे. चाफा आणि कमळ यांना तेवढी सूट. त्यामुळे विकत आणलेली कळी उमलेपर्यंत पूजा थांबते, किंवा आदल्या दिवशीच कळ्या आणाव्या लागतात. बऱ्याच घरांत त्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवतात. थंडाव्यात उमलणे लांबते. ही युक्ती पोथीत नाही, मुंबईच्या स्वयंपाकघरातली आहे.

तोडण्याच्या रिती आजही पाळल्या जातात. सूर्यास्तानंतर झाडाला हात लावायचा नाही, झाड झोपलेले असते. जमिनीवर पडलेले फूल वाहायचे नाही. तो मान फक्त प्राजक्ताचा. वास घेतलेले फूल देवाला जात नाही. जास्वंदीला वासच नसल्याने हा नियम तिच्या बाबतीत आपसूक पाळला जातो. सकाळी साडेपाच-सहाला हातात प्लास्टिकची पिशवी आणि टोकाला आकडा बांधलेली काठी घेऊन कुंपणाबाहेरून फांद्या वाकवणारे आजोबा प्रत्येक वस्तीत असतात. त्यांच्यावरून सोसायटीत कुरबुरी होतात आणि त्यावर पिढ्यान्‌पिढ्या एकच उत्तर दिले जाते: न विचारता नेलेल्या फुलाचे पुण्य झाडाच्या मालकाला लागते. झाड लावणारा ते ऐकून गप्प बसतो, पण सगळी फुले ओरबाडून नेल्यावर त्याच्या घरचा गणपती त्या दिवशी जास्वंदीविना राहतो, हेही खरे आहे. निदान दोन फुले झाडावर सोडावीत, ही जुनी शिस्त परत यायला हवी.

केसांपासून पोटापर्यंत

औषधी वापरात पहिला मान केसांचा. सोळाव्या शतकातल्या भावमिश्राच्या ‘भावप्रकाशा’त जपेला ‘संग्राहिणी’ आणि ‘केश्या’ म्हटले आहे, म्हणजे स्राव आवरणारी आणि केसांना हितकर. घरगुती तेलाची पद्धत सोपी आहे. खोबरेल तेलात जास्वंदीची फुले आणि कोवळी पाने, सोबत माका, ब्राह्मी, कढीपत्ता, थोडी मेथी घालून मंद आचेवर ठेवायचे. पानांतले पाणी आटून तडतड थांबली की तेल झाले. फुले आधी सावलीत सुकवून घेतली तर तेल खवट होत नाही. पाणी उरलेले तेल मुंबईच्या दमट हवेत आठवडाभरात वास मारू लागते, आणि मग बिचाऱ्या जास्वंदीला दोष मिळतो.

तेलाहून गुणकारी आणि आज विसरत चाललेला वापर पानांचा आहे. मूठभर पाने थोड्या पाण्यात चुरली की भेंडीसारखा बुळबुळीत रस सुटतो. तो गाळून केसांना चोळला तर मळ निघतो आणि केस मऊ पडतात; कोकणातून आलेल्या आज्या शिकेकाईबरोबर हाच रस वापरत. यात जादू काही नाही: पानांतला चिकट पदार्थ केसाभोवती पातळ थर धरतो आणि गुंता सुटतो. टक्कल पडलेल्या जागी या फुलाने केस उगवतात, हा दावा मात्र मान्य करण्याजोगा नाही. उंदरांवरच्या प्रयोगांत केसांची वाढ दिसली आहे, पण तेवढ्यावर माणसांना हमी देता येत नाही.

पोटात घ्यायच्या वापरात बायकांची दुखणी येतात. अंगावरून पांढरे जाणे, पाळीत जास्त रक्त जाणे यांवर तुपात परतलेल्या किंवा दुधात वाटलेल्या कळ्या देण्याची रीत आहे. ‘संग्राहिणी’ या गुणाचा तो घरगुती अर्थ. याच फुलाची दुसरी बाजू जुन्या वैद्यांना माहीत होती. कांजीत वाटलेली जपाकुसुमे खाल्ल्यास गर्भ राहत नाही, असे संस्कृत वैद्यकग्रंथांत नोंदलेले आहे, आणि भारतात उंदीर-घुशींसारख्या प्राण्यांवर झालेल्या प्रयोगांतही फुलांच्या अर्काचा गर्भधारणेवर विपरीत परिणाम दिसला. म्हणून गरोदर बाईने आणि मूल हवे असलेल्या बाईने जास्वंदीचे फूल औषध म्हणून पोटात घेऊ नये. ‘देवाचे फूल, ते काय अपाय करणार’ असे म्हणून काढा पाजणारी प्रेमळ माणसे असतात. त्यांना हे स्पष्ट सांगावे. जास्त रक्त जात असेल तर आधी डॉक्टर, मग कळ्या.

आणखी एक गैरसमज अलीकडचा आहे. दुकानात ‘हिबिस्कस टी’ नावाने जे गडद लाल, आंबट पेय मिळते ते आपल्या जास्वंदीचे नसते. ते लाल अंबाडीच्या, म्हणजे हिबिस्कस सब्दरिफाच्या, फुलाखालच्या मांसल निदलांपासून करतात. इजिप्तमध्ये त्याला करकडे म्हणतात, मेक्सिकोत हामायका. रक्तदाब थोडा उतरतो असे जे अभ्यास सांगितले जातात ते या अंबाडीचे आहेत. कुंपणातली जास्वंद उकळून रक्तदाबाची गोळी बंद करणे धोक्याचे आहे.

जास्वंदीच्या पाकळ्यांतले अँथोसायनिन हे रंगद्रव्य शाळेच्या प्रयोगशाळेत उपयोगी पडते. पाकळ्यांच्या कोमट अर्कात लिंबू पिळले की तो गुलाबी-लाल होतो, खाण्याचा सोडा घातला की हिरवट. पाकळ्या चुरून कातडी बूट चमकवायची युक्तीही पूर्वी सर्रास होती. तिच्या एका इंग्रजी नावाचा अर्थच ‘बुटाचे फूल’ असा आहे.

गॅलरीतली जास्वंद

तिला चार-पाच तास ऊन आणि पाणी न साचणारी कुंडी पुरते. मुंबईत तिचा खरा शत्रू म्हणजे पांढऱ्या कापसासारखा चिकटणारा पिठ्या ढेकूण. तो दिसताच फांदीचा शेंडा छाटावा आणि साबणाचे पाणी किंवा कडुलिंबाचे तेल फवारावे. फुले पूजेला किंवा तेलाला जाणार असतील तर रासायनिक औषध टाळलेलेच बरे. कळ्या न उमलता गळत असतील तर बहुतेक वेळा पाण्याची अनियमितता हे कारण असते.

नवे झाड विकत आणण्याची गरज सहसा पडत नाही. पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी तिरकी कापून मातीत खोचली की महिन्याभरात फुटते. चाळ पुनर्विकासाला गेली की भाड्याच्या तात्पुरत्या घराकडे निघणारी माणसे पलंग आणि कपाटाबरोबर अंगणातल्या जास्वंदीची एक फांदी दुधाच्या रिकाम्या पिशवीत, ओल्या मातीत खोचून नेतात. लालबाग-परळच्या कित्येक जास्वंदी आज अशाच विरार, डोंबिवली आणि बदलापूरच्या गॅलऱ्यांत फुलत आहेत.