पोपडा उलटून बघा

गोव्यात १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते. बोटींची डागडुजी आणि रंगकाम बहुतेक याच सुट्टीत उरकायचं असतं, म्हणजे वर्षातल्या सर्वांत दमट दिवसांत. बुडाला समुद्री जीव चिकटू नयेत म्हणून लावायच्या अँटीफाउलिंग रंगासाठी याहून वाईट मुहूर्त शोधून सापडणार नाही.

हा रंग भिंतीच्या रंगासारखा टिकण्यासाठी बनलेलाच नाही. त्यातलं क्युप्रस ऑक्साइड समुद्राच्या पाण्यात हळूहळू विरघळतं आणि तांब्यामुळे बार्नेकल या बुडाला चिकटणाऱ्या कवचधारी जीवाच्या अळ्यांना बूड धरता येत नाही. मात्र तांबं निघून गेल्यावर वरची साल पोकळ, स्पंजासारखी ठिसूळ उरते. तिच्यावरच नवा हात मारला, तर नवा रंग त्या सालीसकट सुटतो. म्हणून बोट वर काढली त्याच दिवशी, शेवाळ वाळायच्या आत, जोरदार गोड्या पाण्याने बूड धुवायचं. बार्नेकल खरवडल्यावर पांढरी गोल बैठक मागे राहते. तीही काढावी लागते.

पोपडे दिसले की आधी एक उचलून उलटा करा. पाठीवर जुन्या अँटीफाउलिंगचाच रंग असेल, तर दोष त्या ठिसूळ सालीचा. घट्ट थर लागेपर्यंत घासलं की पुरे. पाठ अँटीफाउलिंगची आणि खाली गुळगुळीत प्रायमर उघडा पडला असेल, तर इपॉक्सी प्रायमर पूर्ण कडक झाल्यावर रंग लावला गेलाय. प्रायमरला बोट लावलं की चिकट लागावा, पण बोटावर उतरू नये. अँटीफाउलिंगचा पहिला हात नेमका तेव्हाच द्यायचा. आपल्याकडच्या उष्म्यात ही वेळ झटकन टळते. टळलीच तर १२० नंबरच्या वॉटर पेपरने चकाकी मारायची किंवा मध्ये टाय कोट, म्हणजे दोन थरांना जोडणारा हात, द्यायचा. पोपड्याच्या पाठीला गंज असेल, तर मात्र लोखंडापर्यंत जावं लागतं: ग्राइंडरने साफ करा, भोवतालच्या रंगाची कड ४-५ सेंटिमीटर उतरती घासा, गोड्या पाण्याने मीठ धुवा, वाळवा, इपॉक्सी प्रायमरचे दोन हात द्या आणि मगच अँटीफाउलिंग. मीठ राहिलं तर ते थरातून पाणी ओढून घेतं आणि त्याच जागी पुन्हा फोड येतात.

फायबरच्या बोटीवरचा फोड टोचल्यावर व्हिनेगरसारखा वास आला, तर दुखणं रंगाचं नाही, फायबरमध्ये पाणी शिरल्याचं आहे. तो फोड उघडून, धुऊन, कित्येक आठवडे वाळवून मग इपॉक्सी लांबी (पुट्टी) भरायची. पावसाळ्यात छपराशिवाय हे जमत नाही. उगाच वरून लांबी थापू नये. लांबी अँटीफाउलिंगवर तर कधीच नाही. झिजणाऱ्या थरावर ती टिकणार कशी?

ताज्या रंगातले दोष त्यामानाने सोपे. रंग गोल मागे सरकून माशाच्या डोळ्यासारखे खळगे पडले, तर खाली तेल, डिझेल किंवा सिलिकॉन आहे. दुसरा हात देऊन ते झाकले जात नाहीत. रंग वाळू द्या, घासा, थिनरने स्वच्छ फडक्यांनी पुसा, फडकं दरवेळी बदला. ओघळ ओले असतानाच रोलरने पसरवा. अर्धवट सुकल्यावर चोळलेत तर साल फाटते. वाळलेला ओघळ ८० नंबरने पाणी मारत घासायचा. कोरडं घासणं नकोच, ती धूळ विषारी असते. तापलेल्या पत्र्यावर बारीक छिद्रं पडतात, कारण वरचं कातडं आधी सुकतं आणि अडकलेला थिनर ते फोडून बाहेर येतो.

हवेचं गणितही पाहा. २८ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असेल, तर दव साधारण २६ अंशांना जमतं. बुडाचं तापमान त्याहून किमान ३ अंश जास्त, म्हणजे २९ च्या पुढे हवं. सकाळी गार पत्र्यावर ते नसतंच. डोळ्यांना कोरडं दिसलं म्हणून फसू नका, पत्र्याला थर्मामीटर लावा.

जाडीही मोजूनच. घन भाग ५० टक्के असलेला रंग ओला २०० मायक्रॉन लावला, तर वाळून १०० उरतो आणि एक लिटर जेमतेम ५ चौरस मीटर पुरतो. १० मीटर पाणरेषा, ३ मीटर रुंदी, १ मीटर बुडी (पाण्याखालची खोली) असलेल्या बोटीचं बूड ढोबळमानाने १० × (३ + १), म्हणजे ४० चौरस मीटर. दोन हातांना १६ लिटर लागतील. १० लिटरमध्ये भागलं असं कुणी सांगितलं, तर बचत झाली ती जाडीत.

बुडाचा धातू वाचवायला स्वतः झिजणाऱ्या जस्ताच्या अॅनोडवर रंग चढवू नका, नाहीतर ते निकामी. अॅल्युमिनियमच्या बुडाला तांब्याचा रंग लावायचाच नाही, तो धातू खातो. खरवडलेला कचरा ताडपत्रीवर गोळा करा. मांडवीत गेला तर तांबं तिसऱ्या-कालवांपर्यंत पोचतं. आणि बोट पाण्यात सोडण्याआधी टेकू सरकवून त्यांच्याखालच्या जागांनाही प्रायमरसकट पूर्ण हात द्या. बार्नेकल पहिल्यांदा तिथेच बसतात.