कर्करोगातील अल्पकर्बोदक आहार

कर्करोगाच्या नेहमीच्या उपचारांना जोड म्हणून कर्बोदके कमी करून मेदावर भर देणारी आहारपद्धती. तिच्या कडक प्रकाराला कीटोजेनिक आहार म्हणतात. त्यात दिवसभरातली कर्बोदके साधारण 20 ते 50 ग्रॅमांत बसवावी लागतात. एका मध्यम ज्वारीच्या भाकरीतच 35 ग्रॅमांच्या आसपास असतात, तेव्हा आपल्याकडच्या ताटात हे पथ्य किती जड जाईल ते उघड आहे. कर्बोदके तुटली की यकृत मेदापासून कीटोन, म्हणजे ग्लुकोजऐवजी शरीराला इंधन म्हणून चालणारे पदार्थ, तयार करते. हा आहार मुळात फेफऱ्यासाठी. 1921 मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी तो सुचवला.

कर्करोगाशी त्याचे नाते जुळले ते जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांच्या निरीक्षणामुळे. प्राणवायू पुरेसा असतानाही गाठीच्या पेशी भरमसाट ग्लुकोज घेऊन त्याचे लॅक्टिक आम्ल करतात, हे त्यांनी 1920च्या दशकात दाखवले. शरीरात खुणेचे ग्लुकोज सोडून काढलेल्या पेट स्कॅनमध्ये बहुतेक गाठी उजळतात त्या याच भुकेमुळे. मग साखर तोडली की गाठ उपाशी मरेल, हा तर्क कुणालाही पटावा असाच आहे. पण भात-पोळी सोडली तरी यकृत अमिनो आम्लांपासून ग्लुकोज बनवत राहते, आणि अनेक गाठी ग्लुटामिन या अमिनो आम्लावरही गुजराण करतात. खाली येते ते मुख्यतः इन्सुलिन, आणि अलीकडच्या संशोधनाचा रोखही तिकडेच आहे. 2018 मध्ये उंदरांवरील प्रयोगांत पीआय3के-रोधक औषधांना (इन्सुलिनचा पेशीतला संदेश पुढे नेणारे विकर अडवणारी औषधे) या आहाराची चांगली साथ मिळाली. मात्र रक्ताचा कर्करोग असलेल्या उंदरांच्या एका प्रयोगात नुसत्या आहाराने रोग उलट बळावला.

माणसांवरचा पुरावा तुटपुंजा आहे. 1995 मध्ये क्लीव्हलँडला मेंदूत गाठ असलेल्या दोन मुलींवर हा आहार करून पाहिला, तेव्हा गाठीचे ग्लुकोजशोषण सरासरी 21.8 टक्क्यांनी घटले. पुढे जर्मनीत ग्लायोब्लास्टोमा हा मेंदूचा आक्रमक कर्करोग उलटलेल्या 20 रुग्णांच्या चाचणीत (2014) मात्र नुसत्या आहाराने फारसे काही साधले नाही.

खरा धोका वजन घटण्याचा. केमोथेरपीत तोंड येते, अन्नावरची वासना उडते. त्यात घरच्यांनी प्रेमापोटी भातही बंद केला की रुग्ण झपाट्याने खंगतो. म्हणूनच कुपोषित किंवा कुपोषणाच्या उंबरठ्यावरील रुग्णांचे खाणे कमी करणारी पथ्ये टाळा, असे युरोपातील पोषणतज्ज्ञांची ‘एस्पेन’ ही संस्था सांगते. बद्धकोष्ठता व मुतखडा हे त्रासही होतात. मधुमेहासाठी डॅपाग्लिफ्लोझिनसारखी औषधे घेणाऱ्यांनी तर हा आहार परस्पर सुरू करूच नये. त्यांच्या रक्तातली साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोन धोकादायक पातळीला जाऊ शकतात.