हक्कांची मागणी गावातून, आयोग पणजीत: गोव्याची पार्श्वभूमी

महिला आयोग, मागासवर्ग आयोग, अनुसूचित जाती-जमाती आयोग, मानवी हक्क आयोग, बाल हक्क आयोग, शिवाय दिव्यांगजनांसाठीचे आयुक्त. एवढ्याशा गोव्यात एवढ्या संस्था कशाला, असं बरेच जण विचारतात. याचं उत्तर शोधायचं तर मुक्तीच्या आधीच्या गावगाड्यापासून सुरुवात करावी लागते.

गोव्याचं गाव गावकरीवर, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेवर चालायचं. पोर्तुगीजांनी तिला कोमुनिदाद म्हटलं आणि तिचे रीतिरिवाज संहितेत बांधून टाकले. जमीन सामाईक, पण तिच्यातला वाटा बापाकडून मुलाकडे जाणारा. राबणारं कूळ, भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) भाटात घर बांधून राहणारा मुंडकार आणि घरातली बाई, यांना गावच्या ठरावात तोंड उघडायची सोय नव्हती. देवळांचंही तेच. 1933 च्या देवस्थान नियमावलीने महाजनकी, म्हणजे देवळाच्या कारभाराचा हक्क, ठराविक घराण्यांच्या हातात पक्की केली आणि देखरेखीला मामलेदार बसवला. 1910 साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आलं तेव्हा हिंदूंना ख्रिश्चनांच्या बरोबरीने नागरी हक्क मिळाले खरे, पण ती धर्माधर्मांतली समता होती. जातीजातींतल्या उतरंडीला कोणी हात लावला नाही.

तो हात लागला मुक्तीनंतर. प्रौढ मतदानाने पंचायती आल्या आणि 1963 च्या निवडणुकीत बहुजन समाजाने दयानंद बांदोडकरांना पहिले मुख्यमंत्री केलं. पुढच्याच वर्षी कूळ कायदा झाला, 1975 मध्ये मुंडकार कायदा. माझ्या मते नंतरच्या सगळ्या आयोगांचं मूळ या दोन कायद्यांत आहे. ‘उद्यापासून घर खाली कर’ असं भाटकार म्हणू शकत होता तोवर मुंडकार ग्रामसभेत त्याच्याविरुद्ध काय बोलणार होता? पायाखालची जमीन सुरक्षित झाली तेव्हाच तक्रार करायचं बळ आलं.

आयोगांचा काळ 1987 च्या घटकराज्यानंतरचा. मंडल खटल्याच्या 1992 च्या निकालाने मागासवर्गांसाठी कायमस्वरूपी यंत्रणा नेमायला राज्यांना सांगितलं. महिला आयोगाचा कायदा 1996 चा. केंद्राचा मानवी हक्क संरक्षण कायदा 1993 मध्ये झाला, पण गोव्याचा आयोग बसायला 2011 उजाडलं. या आयोगाला साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. चौकशीअंती मात्र तो शिफारसच करू शकतो, आणि वर्षापेक्षा जुनी घटना त्याला घेता येत नाही. पोलिसांच्या किंवा सरपंचाच्या धाकाने गप्प बसलेल्या माणसाला एक वर्ष फार थोडं असतं.

मुलांच्या बाबतीत गोव्याने पुढाकार घेतला, पण तोही घाव बसल्यावर. मडगावात अनाथाश्रम चालवणाऱ्या फ्रेडी पीटला 1991 मध्ये मुलांच्या लैंगिक शोषणावरून अटक झाली आणि 1996 मध्ये जन्मठेप. पर्यटनाच्या आडून काय चाललंय ते त्या खटल्याने राज्याला दाखवलं. 2003 च्या गोवा बाल कायद्याने स्वतंत्र बाल न्यायालय दिलं आणि हॉटेलवाल्यांवरही जबाबदारी टाकली.

सगळ्यात जिव्हारी लागणारी गोष्ट आदिवासींची. गावडा, कुणबी, वेळीप हे गोव्याचे आद्य रहिवासी मानले जातात. तरी अनुसूचित जमातींच्या यादीत त्यांची नावं आली ती थेट 2003 मध्ये. त्याआधीच्या, 2001 च्या जनगणनेत गोव्यातल्या अनुसूचित जमातींची लोकसंख्या होती 566. दहा वर्षांनी तोच आकडा झाला 1,49,275, म्हणजे राज्याच्या दहा टक्क्यांहून जास्त. माणसं तीच, गावं तीच. पण विधानसभेची मतदारसंघ फेररचना 2001 च्या आकड्यांवर झाली, आणि चाळीस जागांत त्यांच्यासाठी एकही राखीव राहिली नाही. अनुसूचित जातींची लोकसंख्या 2011 मध्ये 25,449 होती, त्यांना एक जागा आहे. 25 मे 2011 रोजी आदिवासी समाजाच्या मागण्यांसाठी दक्षिण गोव्यातल्या बाळ्ळीत आंदोलन पेटलं आणि त्यात दोन तरुणांचे जीव गेले. आदिवासींच्या हक्कांवर गोव्यात बोलताना ते दोघे विसरून चालणार नाही.

स्थानिक संस्थांतही वाटा भांडूनच मिळाला. 2021 मध्ये मडगाव, मुरगाव, म्हापसा, केपे आणि सांगे या पाच पालिकांचं प्रभाग आरक्षण उच्च न्यायालयाने रद्द केलं, कारण स्त्रियांना एक तृतीयांश प्रभागही पुरते दिले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल उचलून धरला आणि वर बजावलं की राज्य निवडणूक आयुक्त स्वतंत्र हवा. गोव्यात तेव्हा ते पद सरकारच्या कायदा सचिवाकडे होतं! निवडणूक आयुक्ताच्या स्वातंत्र्याचा हा निवाडा आज देशभरच्या राज्यांना लागू आहे, आणि तो गोव्यातल्या तक्रारींतून निघाला याचा मला अभिमान वाटतो.

आदिवासींच्या विधानसभा जागांचं विधेयक 2024 मध्ये लोकसभेत आलं आणि ऑगस्ट 2025 मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. त्यानुसार जमातींची लोकसंख्या नव्याने अधिसूचित व्हायची आणि मग निवडणूक आयोगाने जागा ठरवायच्या. सत्तरी, सांगे, काणकोणच्या डोंगरांत गुरं राखणारा धनगर-गवळी समाज मात्र या मोजणीत नसेल. 2003 च्या यादीत त्याचं नाव आलं नाही, आणि त्याची मागणी राज्य आणि दिल्ली यांच्यामध्ये अजून हेलपाटे घालते आहे.