नेम मधोमध, गोळी डावीकडे

रिव्हॉल्व्हरची गोळी सारखी एकाच बाजूला लागायला लागली, की बहुतेकांचा हात आधी स्क्रूड्रायव्हरकडे जातो. त्याआधी समोरचा लक्ष्याचा कागद नीट वाचायला हवा.

२५ मीटरवर, हातांखाली वाळूची पिशवी घेऊन, एकाच बिंदूवर नेम धरून पाच गोळ्या झाडायच्या. पिशवीवर हात टेकवायचे, नळी नाही. नळी टेकली की धक्क्याची चाल बदलते आणि कागदावर भलतंच उमटतं. पाचही छिद्रं जवळजवळ पडली, पण तो पुंजका मध्यापासून दूर असेल, तर साइट, म्हणजे नेम धरायची मागची खाच आणि नळीच्या टोकावरचा छोटा उंचवटा, म्हणजेच माशी, हलवण्यात अर्थ आहे. छिद्रं कागदभर पांगली असतील तर साइटला दोष देता येत नाही. गडबड हातात, चाप ओढण्यात किंवा काडतुसांत आहे. पुंजका दाट असूनही फसगत होऊ शकते. उजव्या हाताचा नेमबाज चाप हिसक्याने ओढत असेल, तर गोळ्या बहुधा खाली-डावीकडे जातात आणि तिथेच गोळा होतात. म्हणून तेच रिव्हॉल्व्हर आणि तीच काडतुसं दुसऱ्या जाणत्या नेमबाजाच्या हाती देऊन बघावीत.

एका गोळीवरून साइट हलवणं तर तोट्याचंच. प्रत्येक हातात थोडी पांगापांग असतेच. दर गोळीनंतर ‘चुकलं तेवढं’ साइट सरकवत गेलं, तर आधीच्या गोळीची योगायोगाची चूक पुढच्या गोळीत मिसळते आणि पांगापांग घटण्याऐवजी सुमारे १.४ पट होते. संख्याशास्त्रज्ञ डेमिंग नरसाळ्यातून गोट्या टाकून हेच दाखवत असत. पाच गोळ्यांची सरासरी घेतली, तर योगायोगाचा वाटा निम्म्याहून कमी उरतो.

आता मोजमाप. मागच्या खाचेपासून पुढच्या माशीपर्यंतचं अंतर १५ सेंटिमीटर धरू. २५ मीटरवर गोळी १० सेंटिमीटर डावीकडे लागते. समरूप त्रिकोणांचं शाळेतलंच गणित: १०० मिलिमीटर गुणिले १५०, भागिले २५,०००. उत्तर येतं ०.६ मिलिमीटर. साइट तेवढीच सरकवायची! कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकलं, त्याच्या अचूकतेच्या फेरीत दहा गुणांचं वर्तुळ ५ सेंटिमीटर व्यासाचं असतं. आपल्या रिव्हॉल्व्हरची साइट ०.१५ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम दोन केसांच्या जाडीएवढी सरकली, तरी मध्यावरची गोळी त्या वर्तुळाच्या काठावर जाते.

दिशेचा नियम सोपा आहे. गोळी जिकडे न्यायची, मागची खाच तिकडे सरकवायची. माशी मात्र उलट. माशी ठेंगणी केली तर ती खाचेच्या रेषेत आणण्यासाठी नळीचं तोंड वर उचलावं लागतं आणि गोळी वर लागते.

रिव्हॉल्व्हरची खरी गंमत पुढे आहे. ते बाजूने धरून बघा: माशी नळीच्या आसापासून खाचेपेक्षा बरीच उंच दिसते. म्हणजे नेम धरलेला असताना नळी लक्ष्याच्या खाली रोखलेली असते. ही बनावटीतली चूक नव्हे. १०.२ ग्रॅमची गोळी १५ सेंटिमीटरच्या नळीतून बाहेर पडेपर्यंत एक किलोचं रिव्हॉल्व्हर साधारण दीड मिलिमीटर मागे आलेलं असतं. नळी मुठीच्या वर असल्याने ते सरळ मागे न येता तोंड उचलत येतं. गोळी सुटते ती या उचललेल्या तोंडातून. शिवाय सेकंदाला २५० मीटर वेगाने २५ मीटर जाताना ती सुमारे ५ सेंटिमीटर खाली येते. माशीच्या उंचीत हा सगळा हिशेब धरलेला असतो.

म्हणूनच जड गोळी जवळच्या अंतरावर वर लागते. ती हळू जाते, म्हणजे खाली लागेल, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण ती नळीत जास्त वेळ असते आणि तोंड जास्त उचलते. .३८ स्पेशल या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसात १०.२ ग्रॅमऐवजी ८.१ ग्रॅमची गोळी घातली, की पुंजका खाली सरकतो. साइटला हात न लावता!

स्क्रूच्या साइटवर काडतूस बदललं तर पुन्हा जुळवता येतं. १८७३ च्या कोल्टसारख्या रिव्हॉल्व्हरमध्ये मात्र मागची खाच म्हणजे चौकटीच्या, म्हणजे मुख्य सांगाड्याच्या, माथ्यावर कोरलेली पन्हळ. ती हलत नाही. तिथे आधी काडतूस ठरवायचं. गोळी खाली लागत असेल तर माशी कानशीने थोडीथोडी घासायची आणि दर वेळी पाच गोळ्या झाडून बघायच्या. जास्त घासली तर धातू परत चिकटत नाही, नवी माशी बसवावी लागते. डावी-उजवी चूक असेल तर नळीच चौकटीच्या आट्यांमध्ये किंचित फिरवतात. त्याला योग्य पकड आणि सवयीचा हात हवा. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार शस्त्रदुरुस्तीलाही परवाना लागतो, तेव्हा हे काम परवानाधारक कारागिराकडेच न्यायचं, आणि सोबत पाच छिद्रांचा तो कागदही.