आरशांमध्ये धरलेला एकटा अणू : पार्श्वभूमी

उत्तेजित अणू प्रकाश किती लवकर सोडणार हे भोवतालच्या पोकळीवरही (म्हणजे आरशांसारख्या भिंतींमध्ये प्रकाश अडकवणाऱ्या बंदिस्त जागेवरही) ठरते, हे एडवर्ड पर्सेल यांनी 1946 मध्येच सांगितले होते. एक अणू आणि पोकळीतला प्रकाश यांच्यातल्या ऊर्जेच्या देवघेवीचे गणित जेन्स आणि कमिंग्ज यांनी 1963 मध्ये मांडले. त्यानंतर घोडे अडले ते आरशांपाशी.

आरशांतून निसटणारा फोटॉन (प्रकाशाचा कण) आणि अणूने भलतीकडेच फेकलेला फोटॉन, या दोन्ही गळत्यांपेक्षा देवघेव वेगवान हवी. मायक्रोवेव्हमध्ये हे आधी साधले, कारण नायोबियमच्या अतिवाहक (वीजरोध नसलेल्या) पोकळ्या फोटॉन बराच वेळ धरून ठेवतात. प्रकाशासाठी 1992 उजाडले. अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठात जेफ किंबल यांच्या गटाने सिझियमच्या 852 नॅनोमीटर रेषेवर (अणू शोषतो आणि सोडतो त्या ठरावीक तरंगलांबीवर) पोकळीतून पार होणाऱ्या प्रकाशाच्या आलेखातले एक शिखर दुभंगून दोन झालेले दाखवले. देवघेव वेगवान झाल्याची ही खूण.

पोकळी आखूड केली की देवघेव वाढते. पण फोटॉन आरशांवर अधिक वेळा आदळतो, त्यामुळे गळतीही वाढते. म्हणून आरसे अफाट चांगले लागतात. याच गटाच्या 2000 मधल्या पोकळीची लांबी 10.9 मायक्रोमीटर आणि फिनेस (आरसे फोटॉन किती चांगला धरून ठेवतात त्याचे माप) 4.8 लाख होता. देवघेवीचा वेग 110 मेगाहर्ट्झ, तर आरशांतली गळती 14 आणि अणूची 2.6 मेगाहर्ट्झ. तिथे आरशांतले अंतर एका पिकोमीटरने हलले तरी अनुनाद (पोकळी आणि प्रकाश यांचा मेळ) सुटतो. अणूला न छेडणाऱ्या दुसऱ्या लेसरने ते सतत जागेवर धरावे लागते.

आरसे जमले, पण अणू थांबेना. 1999 मध्ये लेसरच्या सापळ्यात तो जेमतेम 28 मिलिसेकंद टिकला. आरशांची थरथर सापळ्याच्या तीव्रतेत उतरते आणि अणू तापतो. शिवाय नेहमीचा सापळा अणूच्या ऊर्जेची तळपातळी खाली आणि उत्तेजित पातळी वर सरकवतो, त्यामुळे अणूची रेषाच जागेवरून हलते. 2003 मध्ये सापळ्याला 935.6 नॅनोमीटरचा प्रकाश वापरला. त्याने दोन्ही पातळ्या जवळपास सारख्याच सरकतात. अणू दोन-तीन सेकंद राहू लागला. या क्षेत्रातली सर्वात उपयोगी युक्ती हीच म्हणावी लागेल.

जर्मनीत गार्शिंगला गेऱ्हार्ड रेम्पे यांच्या गटाने नियंत्रणावर भर दिला. बाजूने टाकलेल्या लेसरची तीव्रता हळूहळू वाढवली, की रुबिडियमचा अणू एका तळपातळीतून दुसरीत जाताना हुकमी फोटॉन पोकळीत सोडतो. उत्तेजित पातळी जवळपास रिकामीच राहते, त्यामुळे बाजूची गळती टळते. 2012 मध्ये 60 मीटर फायबरने जोडलेल्या दोन प्रयोगशाळांतल्या अणूंमध्ये त्यांनी क्वांटम अवस्था पोचवली. त्या पोकळ्यांचा फिनेस सुमारे 60,000 इतकाच होता, आणि दोनपैकी एक आरसा मुद्दाम जास्त पारदर्शक ठेवला होता. एरवी फोटॉन फायबरच्या दिशेने बाहेर पडलाच नसता.